शिडीवाल्या बाई

आत्या चौतीस वर्षांची असताना तिचा नवरा गेला. छातीचं दुखणं निघालं आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. मागे राहिलं ते एक लांबट पत्र्याचं शेड, दोन करवती, रंध्याचं एक यंत्र, पाच कामगार आणि अर्धवट जोडलेल्या अकरा शिड्या. मूलबाळ नव्हतं. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, तिला म्हणाले, "ताई, विकून टाक सगळं आणि आमच्याकडे राहायला ये."

ती म्हणाली, "या अकरा शिड्यांचा शब्द दिलाय रे त्यांनी. तेवढ्या देते आणि येते."

त्या अकरा शिड्या द्यायला ती जी थांबली ती एकोणतीस वर्षं.

सुतारकामातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिला शिवणकाम येत होतं आणि बायबल येत होतं. बायबलला ती नुसतं 'शास्त्र' म्हणायची. सकाळी शेडचं दार उघडलं की एका कोपऱ्यात सरसाचं भांडं तापायला ठेवायचे. सरस पातळ व्हायला जेवढा वेळ लागे तेवढा वेळ ती तिथेच उभ्याउभ्या वाचायची. बसून कधी वाचलं नाही. "बसले की डोळा लागतो, आणि देवासमोर घोरणं बरं दिसत नाही," म्हणायची. वाचून झालं की पुस्तक खिळ्यांच्या डब्यांशेजारी फळीवर ठेवायची. त्याच्या पानापानांत बारीक भुसा असायचा.

धंदा कसा करायचा हे तिला शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून ते तिने या पुस्तकातून घेतलं. मोठेपणा पाहिजे असेल त्याने सगळ्यांचा नोकर व्हावं, असं त्यात वाचलं, तर दुसऱ्या दिवसापासून शेड झाडायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. मजुराची मजुरी दिवस मावळायच्या आत त्याच्या हातात पडावी, असं वाचलं, तर आठवड्याचा हिशोब बंद करून रोजच्या रोज द्यायला लागली. सातव्या दिवशी शेड बंद म्हणजे बंद. हंगामात गिऱ्हाइकं दाराशी आरडाओरडा करून गेली तरी ती कडी काढायची नाही. आणि आपलं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. पुढच्या गुरुवारी शिडी मिळेल म्हणाली तर गुरुवारी मिळायचीच. मिळण्यासारखी नसेल तर गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, "होणार नाही. दुसरीकडे बघा." सुरुवातीला यामुळे पुष्कळ गिऱ्हाइकं गेली. मग हळूहळू तीच परत आली, कारण दुसरीकडचा गुरुवार कधी उजाडतच नव्हता.

पण तिचा सगळ्यात मोठा नियम वेगळाच होता. आपल्याशी लोकांनी जसं वागावं वाटतं तसं आपण त्यांच्याशी वागावं, या वाक्यावर ती बरेच दिवस अडली होती म्हणे. शेवटी तिने त्याचा अर्थ शिड्यांपुरता लावला. आपण जिच्यावर चढणार नाही ती शिडी दुसऱ्याला द्यायची नाही. तेव्हापासून शेडमधली एकूण एक शिडी ती स्वतः चढून बघायची. पदर खोचायचा, चपला काढायच्या, पायरी पायरी वर जायचं आणि प्रत्येक पायरीवर दोनदा अंग टाकायचं. अंगाने आत्या भरभक्कम होती. कामगार हसायचे. म्हणायचे, "बाईंना पेलली ती शिडी हत्तीला विकली तरी चालेल." तीही हसायची. "देवाने हे वजन मला उगाच दिलंय का? कामाचं आहे ते." उतरली की तापलेला लोखंडी शिक्का दांड्यावर दाबायची. गोलात एक उभी रेघ, एवढाच तो शिक्का. लाकूड जळल्याचा वास यायचा आणि शिडी विकायला मोकळी व्हायची.

अशाने पाचाचे चौदा कामगार झाले. शेडला शेड जोडलं.

त्या चौदांत मुख्य होते मिस्त्री. काकांच्या वेळचे, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या बरोबरीने काम केलेले. लाकूड निवडायचं काम त्यांचं. ते फळीवरून नुसता हात फिरवायचे, उजेडात तिरकी धरायचे आणि सांगायचे, ही दांड्याला, ही पायरीला, ही चुलीला. लाकडात गाठ असते. जिवंत गाठ असली तर चालते, पण मेलेली गाठ म्हणजे लाकडातलं भोकच. आज ना उद्या तिथे मोडणार. अशी गाठ मिस्त्रींच्या नजरेतून कधी सुटली नव्हती.

एकदा ते सांगितल्याशिवाय चार दिवस आले नाहीत. कामाची घाई होती. आत्याने तेरा जणांना सांगितलं, "तुमचं तुम्ही बघा," आणि स्वतः त्यांना शोधायला निघाली. घरी नव्हते. बायको सोडून गेली होती आणि हा माणूस बसस्थानकावर बाकड्यावर बसून होता, कुठली बस धरावी ते सुचत नव्हतं म्हणून. आत्या शेजारी जाऊन बसली. दुपार होईपर्यंत दोघं तिथेच बसून होती. मग ती म्हणाली, "मिस्त्री, भूक लागलीय मला. उठा." एवढंच. त्या दिवसापासून त्या माणसाने आत्यासाठी जीव दिला असता.

मी कारखान्यात आले तेव्हा आत्याची सत्तावन्न वर्षं झाली होती. मी नुकतंच कॉलेज संपवलं होतं, व्यापार शिकले होते आणि तोंडात सारखी नवनवी वाक्यं असायची. टपाल, टेलिफोन, मालाची रवानगी हे माझ्याकडे. पहिली चार-पाच वर्षं मी निमूट बघत राहिले. मग बोलायला लागले.

कारण तसंच घडलं. घरबांधणीचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाच्या सतरा शाखा होत्या. त्यांचा खरेदीचा साहेब एक दिवस शेडमध्ये आला, शिड्या बघितल्या, ठोकल्या, हलवल्या आणि म्हणाला, "चारशे पाहिजेत. चार महिन्यांत."

आत्या म्हणाली, "होणार नाही. दुसरीकडे बघा."

साहेब विचार करा म्हणून कार्ड ठेवून गेला. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आत्याशी भांडले.

"आत्या, का नाही होणार? माणसं वाढव. लाकूड आगाऊ आण."

"माणसं वाढतील गं. मी कुठे वाढणार? रोज चार शिड्या चढून माझे गुडघे बोलायला लागतात."

"मग तूच कशाला चढायला पाहिजेस? शास्त्रात नाही का तो नोकर, मालकाने दिलेलं जमिनीत पुरून ठेवतो? मालक त्याला शाबासकी देतो का? तू तेच करतेयस. देवाने एवढं नाव दिलंय ते पुरून ठेवतेयस."

हे मी बोलले. मला माहीत होतं कुठे बोट ठेवलं की ती हलेल.

रविवारी उपासनेनंतर तिने पाळकांना विचारलं. पाळक साधे, भले गृहस्थ. ते म्हणाले, "बाई, मोशेसुद्धा सगळ्या लोकांचा न्याय एकटाच करत बसला होता. त्याच्या सासऱ्यानेच त्याला सांगितलं की असा थकून जाशील, विश्वासाची माणसं नेम आणि त्यांच्यावर सोपव. तुम्हीही सोपवा की."

पाळकांचं काही चुकलं नाही. सोपवायला माणूस विश्वासाचा पाहिजे, हेही ते बोलले होते.

आत्याने होकार दिला. लाकूड निवडणं पूर्वीसारखं मिस्त्रींकडे आणि शिडी चढून बघून शिक्का मारणं माझ्याकडे. शिक्का माझ्या हातात देताना म्हणाली, "एकूण एक शिडी. कळलं? मेहनत आहे, पण तुझे गुडघे नवे आहेत."

"हो, आत्या."

पहिले तीन आठवडे मी खरंच प्रत्येक शिडी चढले. मग वेग वाढला. दिवसाला पाच, सहा शिड्या यायला लागल्या, त्यात टेलिफोन, गाड्यांची वाट बघणं, आणखी माणसं लावणं. मी दोन सोडून एक बघायला लागले. एकही मोडली नाही. मग दहातली एक. तीही कधी मोडली नाही. शिक्का मात्र सगळ्यांवर मारत होते. तापलेल्या लोखंडाला काय कळतं, मी चढले की नाही ते?

रोज संध्याकाळी शेड बंद करताना आत्या विचारायची, "सगळ्या बघितल्यास?"

"हो, सगळ्या."

मी खोटं बोलतेय असं मला वाटतही नव्हतं. मला वाटायचं, हे जुन्या माणसाचं समाधान आहे, ते आपण करतोय. चारशे शिड्या ठरल्या दिवसाच्या दोन दिवस आधी गेल्या. साहेबाने फोन करून कौतुक केलं. आत्याने शेडमध्ये सगळ्यांना उभं करून आभाराची प्रार्थना केली आणि प्रार्थनेत माझं नाव घेतलं.

पाच महिने गेले.

एका सोमवारी दुपारी साहेब स्वतः आला. बरोबर वकील होता. एका शाळेच्या सभागृहात रंगाचं काम चालू होतं. रंगारी छताच्या कडेचा पट्टा रंगवत होता आणि शिडीचा दांडा मधोमध मोडला. तो डोक्यावर पडला. दीड दिवस दवाखान्यात होता, रविवारी सकाळी गेला.

"शिडी तुमची," साहेब म्हणाला. "पण काळजी करू नका, बाई. शिडी नीट टेकवली नव्हती असं तुम्ही लिहून द्या, आम्ही पण देतो. आणि तो दारू घेऊन चढला होता, असं लोक म्हणतात."

"कुठले लोक?" आत्याने विचारलं.

साहेबाने वकिलाकडे बघितलं.

"मोडलेला तुकडा कुठाय?" आत्या म्हणाली. "मला बघायचाय."

तो गाडीत होता. साहेबाला द्यायचा नव्हता, पण आत्या गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहिली ती हलेचना. शेवटी त्याने काढून दिला. हातभर लांब दांडा, वरच्या टोकाला फाटलेला. त्यावर आमचा शिक्का होता. आत्याने अंगठा मोडलेल्या जागेवरून फिरवला. तिथे रुपयाएवढी काळी गाठ होती. मेलेली. तिच्याभोवती लाकडाने कधी धरच घेतला नव्हता. वरून वार्निशचा हात दिलेला, तरी ती दिसत होती. मला दिसत होती, साहेबाच्या वकिलाला दिसत होती.

साहेब गेल्यावर आत्याने मिस्त्रींना दारात उजेडाकडे बोलावलं आणि तुकडा त्यांच्या हातात दिला.

"मिस्त्री, काय दिसतं सांगा."

त्यांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला. मग बाजूला धरून मान तिरकी केली. मग बोटांनी चाचपायला लागले, आणि बोटं गाठीवर गेल्यावर थांबले.

"किती दिवस झाले?" आत्याने विचारलं.

"दीड वर्ष झालं, बाई. मधोमध काळं दिसतं. कडेकडेचं दिसतं थोडं." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकावं लागलं. "हाताला कळायचं सगळं. आतापर्यंत कळत होतं. वाटलं, चुकलंच एखादं तर पुढे चढून बघतातच की."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय करणार होतात? आंधळा सुतार कशाला ठेवणार होतात?"

आत्या म्हणाली, "मिस्त्री, बसस्थानकावरून तुम्हाला मी डोळ्यांसाठी परत आणलं होतं का हो?"

मिस्त्री खाली बसले, भुशातच. आणि मी, जिला कोणी अजून काहीच विचारलं नव्हतं, मी बोलले. चढत नव्हते म्हणून सांगितलं. दहातली एक, आणि तीही रोज नाही. आत्या ओरडेल, मारेल असं वाटलं होतं. तिने नुसतं विचारलं, "रोज हो म्हणत होतीस ते?"

मी मान हलवली.

ती आत गेली. फळीवरचं पुस्तक उचललं, पण उघडलं नाही. तसंच छातीशी धरून बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कामगारांनी एकेक करत करवती बंद केल्या.

दुसऱ्या दिवशी ती रंगाऱ्याच्या घरी गेली. मी बरोबर गेले. तिने ये म्हटलं नाही, नको म्हणूनही सांगितलं नाही. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, बाहेर गॅलरीत दोन रंगाचे ब्रश पाण्याच्या डब्यात उभे. कोणीतरी ते भिजत ठेवले होते आणि काढायचं राहून गेलं होतं. रंगाऱ्याची बायको दारात आली. माझ्याच वयाची होती. लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. तिच्या मागे टेबलावर दुसऱ्यांच्या शर्टांची घडी घातलेली चळत दिसत होती.

आत्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "शिडी माझ्या कारखान्यातली होती," ती म्हणाली. "लाकडात खोट होती. ती आम्हाला दिसायला पाहिजे होती, दिसली नाही. चूक माझी आहे."

माझं नाव तिने घेतलं नाही. मिस्त्रींचंही नाही.

ती बाई म्हणाली, "माफी मागायला आलात? माझ्याकडे नाहीये ती."

"मागायला नाही आले. सांगायला आले. ते लोक म्हणतायत तो पिऊन चढला होता. मी चौकशीत सांगणार आहे की शिडी खराब होती."

"त्यांनी आयुष्यात कधी दारूला हात लावला नाही," ती म्हणाली. "उंचावर काम करायचे ना. मला म्हणायचे, मी वर असताना तू खाली शांत झोपली पाहिजेस." आणि तिने दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच.

चौकशीत आत्याने सगळं सांगितलं. अधिकाऱ्याने विचारलं, तपासणीची जबाबदारी कोणाची होती? ती म्हणाली, "शिक्का माझा. जबाबदारी माझी." दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन माझं सांगून आले. त्यांनी लिहून घेतलं. शिक्षा म्हणाल तर दंड झाला आणि परवाना गेला. साहेबाच्या दुकानाने सगळा दोष आमच्यावर ढकलला, आणि तो आमचाच होता.

आत्याने चारशेच्या चारशे शिड्या परत मागवल्या. सतरा शाखांतून, गिऱ्हाइकांच्या घरांतून, ठेकेदारांच्या गोदामांतून. पत्रं लिहिली, वर्तमानपत्रात दिलं, स्वतः दारोदार फिरली. आलेली प्रत्येक शिडी मधोमध कापायला लावली. चांगल्यासुद्धा. मेलेल्या गाठीच्या आणखी चार निघाल्या. त्यातली एक एका म्हातारीच्या घरी माळ्याला लावलेली होती. ती कापताना आत्याने करवतीचं बटण स्वतः दाबलं.

कारखाना बंद झाला. पण कुलूप लगेच लागलं नाही. माणसं वाढत वाढत एकोणीस झाली होती, आणि त्यातल्या एकेकाला बरोबर घेऊन आत्या दुसऱ्या सुतारांकडे, फर्निचरवाल्यांकडे जायची. "हा रंधा चांगला मारतो. याला ठेवा. याची खात्री मी देते," म्हणायची. काहीजण तोंडावर म्हणाले, "तुमच्या खात्रीचं काय झालं ते वाचलं आम्ही पेपरात." ती म्हणायची, "बरोबर आहे तुमचं. तरी याला ठेवा." सात महिने लागले. शेवटच्या माणसाला काम मिळालं त्या दिवशी यंत्रं विकली. जे आलं ते पाळकांच्या हाती रंगाऱ्याच्या घरी पाठवलं. कोणाकडून आले हे सांगू नका, असं पाळकांना बजावून. त्या बाईला ते कळलं असणारच. तिने ठेवून घेतलं.

मिस्त्रींना आत्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. फार उशीर झाला होता. ते त्यानंतर कुठल्याही लाकडाला हात लावेनात. जेवायला बसताना टेबलाच्या कडेवरूनसुद्धा हात उचलून घ्यायचे. आत्या रविवारी त्यांना वाचून दाखवायला जायची. एकदा ते म्हणाले, "बाई, माफीचं वाचू नका. दुसरं काहीतरी वाचा." मग ती त्यांना राजांच्या लढाया वाचून दाखवायची. चार वर्षांनी झोपेतच गेले.

चारशेतल्या तीनशे सत्त्याहत्तर आल्या होत्या. तेवीस आल्या नाहीत. कोणाला विकल्या याची नोंद नव्हती, रोख घेऊन गेलेली माणसं. आत्याने त्यांचा ध्यासच घेतला. त्रेसष्टाव्या वर्षी ती गावभर चालायला लागली. जिथे भिंतीला शिडी दिसेल तिथे थांबायची. रंगारी असो, वायरमन असो, दुकानाची पाटी पुसणारा असो. खालून हाक मारायची, "दादा, जरा खाली ये. शिडी बघू दे."

लोक तिला वेडी समजायचे. काही शिव्या द्यायचे. एकदा एक वायरमन खालीच येईना, तर ती शिडी दोन्ही हातांनी धरून तासभर उन्हात उभी राहिली, तो उतरेपर्यंत. शिक्का नव्हता त्या शिडीवर. "बरं झालं," म्हणाली आणि पुढे गेली. आमचा शिक्का सापडला की ती नवी, दुसऱ्या कारखान्यातली शिडी आणून द्यायची आणि जुनी घेऊन जायची. मी नोकरी दुसरीकडे धरली होती, एका वखारीच्या ऑफिसात. सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर फिरायचे. आम्ही फारसं बोलत नसू. ती रस्त्याची डावी बाजू बघायची, मी उजवी.

दोन वर्षांत तीन सापडल्या. मग एक दिवस आत्याच्या घरी निरोप आला. निरोप आणणारी एक धुणंवाली होती. म्हणाली, "इस्त्रीवाल्या ताईंनी सांगितलंय, स्टेशनमागच्या लग्नाच्या हॉलमध्ये तुमच्या शिक्क्याची शिडी आहे."

आम्ही गेलो तर रंगाऱ्याची बायको आधीच तिथे पोहोचली होती. हॉलच्या मागच्या बोळात ती शिडीवर हात ठेवून उभी होती, जणू कोणी नेईल म्हणून. नवऱ्याचे जुने सोबती तिच्याकडे कपडे टाकायला यायचे. त्यांना तिने शिक्क्याचं चित्र काढून दिलं होतं. हे आम्हाला नंतर कळलं.

"मी माफ केलेलं नाही," ती आत्याला म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"पण दुसरं कोणी पडायला नको."

"हो."

मग दोघींनी शिडी उचलली. पुढचं टोक आत्याने, मागचं तिने. मी धरायला गेले तर ती बाई म्हणाली, "राहू दे." दोघी बोळातून बाहेर पडल्या. आत्याला दम लागला की ती बाई न सांगता थांबायची. आत्याच्या घरापर्यंत आली, शिडी अंगणात आडवी ठेवली, पाणीसुद्धा न घेता गेली.

नऊ वर्षांत सोळा शिड्या सापडल्या. त्यातल्या नऊ तिच्या निरोपावरून. दर वेळी ती आधी येऊन उभी असायची. दर वेळी दोघी मिळून उचलायच्या. याहून जास्त त्यांचं कधी बोलणं झालं असेल तर माझ्यासमोर नाही.

शेवटच्या आजारात आत्याची देखभाल मी केली. पायांना सूज आली होती, चालणं बंद झालं होतं. एका सकाळी तिचे केस विंचरताना मी इतकी वर्षं अडलेलं विचारलं.

"आत्या, तू मला कधी रागावली नाहीस."

"कोण म्हणतं?" ती म्हणाली. "रागावले होते. पुष्कळ. दोन वर्षं तुझ्या हातचं पाणी गोड लागत नव्हतं मला. तू समोर आलीस की तुझं ते 'हो, सगळ्या' ऐकू यायचं."

माझा हात थांबला.

"विंचर," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुझ्याहून मला माझाच राग जास्त होता. तू त्या पुरून ठेवलेल्याची गोष्ट काढलीस ना, तेव्हा मी मनातून सुखावले होते. चारशे शिड्या. आपल्या नावाच्या. मलाही मोठं व्हायचं होतं गं. मग पाळकांना विचारायला गेले ते कशाला? उत्तर आधीच ठरवून गेले होते."

"मग माझ्यावरचा राग कधी गेला?"

"कोणाला माहीत. तू रोज येत राहिलीस. एक दिवस बघते तर नव्हता."

अकरा दिवसांनी ती गेली, दुपारी, खिडकी उघडी असताना. प्रेतयात्रेला जुने कामगार सगळे आले. एकोणीसपैकी सतरा, दोन हयात नव्हते. पाळक बोलले. चर्चच्या मंडळीतले व्यापारी तिच्या सचोटीबद्दल बोलले, आणि एकाने मला विचारलं की आमच्या सभेत येऊन बाईंनी शास्त्राप्रमाणे धंदा कसा वाढवला ते सांगाल का. मी म्हटलं, सांगेन, पण वाढवला तिथून पुढचंही सांगावं लागेल. त्यांनी परत विचारलं नाही.

रंगाऱ्याची बायको सगळ्यात मागे उभी होती. आता तिचेही केस पांढरे व्हायला लागलेत. मूठमाती देऊन झाली तशी ती निघाली. फाटकाशी मी तिला गाठलं. तीच म्हणाली, "किती राहिल्या?"

"सात."

तिने मान हलवली. "पुढच्या सुट्टीला नदीपलीकडे जाते आहे मी. तिकडे नवीन घरं होतायत. येणार असलीस तर सकाळी लवकर ये."